पुलाच्या पलीकडे जाऊन खेळलं तर चालतं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लग्नाला आठ वर्षं झाली, मुलगी पाच वर्षांची आहे. नवरा आयटीत, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन तीन वर्षं झाली, पुढची ग्रीन कार्डाची रांग सगळ्यांना माहीत आहे. मी एच-फोरवर (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा), घरीच असते. गेली दोन वर्षं तो रात्री फोनवर स्लॉटचे गेम खेळतो. विचारलं की म्हणायचा, "हा जुगार नाही, स्वीपस्टेक्स आहे, म्हणजे बक्षिसांची मोफत सोडत, अमेरिकेत कायदेशीर आहे." २०२५च्या ऑगस्टनंतर त्याचं अ‍ॅप न्यू जर्सीत बंद पडलं. मला वाटलं, सुटलो. आता तो दर शनिवारी सकाळी "कॉस्टकोला जाऊन येतो" म्हणून निघतो आणि ट्रेंटनचा पूल ओलांडून पलीकडे मॉरिसव्हिलला पार्किंगमध्ये गाडीत बसून खेळतो. फोनच्या लोकेशनवरून मला कळलं. विचारल्यावर म्हणाला, "पेनसिल्व्हेनियात चालतं." क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं मी रात्रभर बसून जुळवली : चौदा हजार तीनशे डॉलर. आणि परवा त्याने सांगलीला फोन करून सासऱ्यांना एफडी मोडायला सांगितली, घराच्या डाउन पेमेंटचं कारण देऊन. पुलापलीकडे हे खरंच कायदेशीर आहे का? ग्रीन कार्डाला धोका आहे का? पैसे परत मिळतील का? सासऱ्यांना सांगू का? — एक वाचक

उत्तर :

पुलाचा प्रश्न तुम्ही सगळ्यात आधी विचारला आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. मी वकील नाही. पण अटलांटिक सिटीच्या एका कॅसिनोत नियमपालन विभागात मी अकरा वर्षं काढली. हा धंदा मी आतून पाहिला आहे आणि त्याच्या पायी बसलेली घरंही पाहिली आहेत.

पूल ओलांडला की कायदा बदलतो, हे खरं आहे. अमेरिकेत जुगार हा मुख्यतः राज्यांचा विषय. ऑनलाइन खेळात तुम्ही राहता कुठे हे कुणी विचारत नाही, खेळताना फोन कुठे आहे ते बघतात. न्यू जर्सीने १५ ऑगस्ट २०२५ रोजी स्वीपस्टेक्स कॅसिनोंवर बंदी आणली. गव्हर्नर मर्फींनी सही केली आणि कायदा लगेच लागू झाला. पेनसिल्व्हेनियाने २०२५ संपेपर्यंत असा स्वतंत्र कायदा केला नव्हता. तेव्हा तुमच्या मिस्टरांचा तर्क अगदीच हवेत नाही. पण "तिथे वेगळी बंदी नाही" याचा अर्थ "तिथे परवानगी आहे" असा त्यांनी काढला, आणि तो अर्थ त्यांच्या मनात त्या अ‍ॅपनेच घातला आहे. तो कसा, हे तुम्हाला नीट कळायला हवं. शनिवारी वाद होईल तेव्हा तुमच्या हातात काहीतरी असायला हवं.

लहानपणी तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात सोरट होतं का? पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या शंभरेक चिठ्ठ्या. रुपया द्यायचा, एक चिठ्ठी फाडायची, नंबर लागला तर प्लास्टिकची गाडी, नाहीतर काही नाही. कायद्याच्या भाषेत त्यात तिन्ही गोष्टी आल्या : पैसे मोजले, नशिबावर सोडलं, बक्षीस होतं. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो जुगार ठरतो. आता समजा दुकानदार म्हणाला, "चिठ्ठी फुकट आहे. मी रुपयाला गोळी विकतो, गोळीबरोबर चिठ्ठी भेट. आणि गोळी नकोच असेल तर मला पत्र पाठव, मी एक चिठ्ठी पोस्टाने देतो." म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणे चिठ्ठीसाठी कुणी पैसे मोजलेच नाहीत. स्वीपस्टेक्स कॅसिनोचा सगळा डोलारा या गोळीवर उभा आहे.

त्या गोळीचं नाव गोल्ड कॉइन. मिस्टर तयार असतील तर त्यांच्या शेजारी बसून एकदा तो स्क्रीन बघा. अशा बहुतेक अ‍ॅपांत वर कुठेतरी सरकवायचं एक छोटं बटण असतं. एका बाजूला गोल्ड कॉइन, दुसऱ्या बाजूला स्वीप्स कॉइन. बटण सरकवलं तरी खेळ तोच राहतो, चाकं तीच, आवाज तोच. फरक एवढाच की गोल्ड कॉइनचे कधीच पैसे होत नाहीत आणि एक स्वीप्स कॉइन साधारण एका डॉलरला वटतं. मग दुकानाचं पान उघडा. वीस डॉलरला लाखो गोल्ड कॉइन असं ठळक लिहिलेलं असतं, आणि त्याला चिकटून "वीस स्वीप्स कॉइन मोफत". लोक पैसे त्या वीससाठी मोजतात, पावती मात्र लाखांची मिळते. तुमच्या स्टेटमेंटवर "गेमिंग" किंवा "डिजिटल" असं काहीतरी दिसलं असेल आणि कॅसिनो हा शब्द कुठेच नसेल, त्याचं कारण हेच.

पोस्टाचा रस्ताही खरा असतो. नियमांच्या पानावर खोल कुठेतरी लिहिलेलं असतं : कोऱ्या कार्डावर स्वतःच्या हाताने अमुक मजकूर लिहा, तिकीट लावा, पाठवा, थोडी स्वीप्स कॉइन खात्यात जमा होतील. मॅकडोनाल्ड्सच्या मोनोपॉली स्पर्धेवर "खरेदी आवश्यक नाही" हे शब्द ज्या कारणाने असतात, त्याच कारणाने हे कार्ड असतं. फरक असा की बर्गर खाणारा बर्गरसाठी जातो आणि स्पर्धा काही आठवड्यांत संपते. इथे वर्षभर, चोवीस तास, स्पर्धा हाच माल. मिस्टरांना एवढंच विचारा, दोन वर्षांत तुम्ही अशी किती कार्डं पाठवलीत? उत्तर शून्य असेल तर त्यांनी गोळी घेतली की चिठ्ठी, हे त्यांचं त्यांनाच दिसेल.

ही युक्ती फोनबरोबर जन्माला आलेली नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलायना अशा राज्यांत "इंटरनेट कॅफे" नावाची दुकानं निघाली होती. तुम्ही इंटरनेटची मिनिटं किंवा फोनकार्ड विकत घ्यायचं, त्याबरोबर स्वीपस्टेक्सच्या एंट्र्या भेट, आणि निकाल स्लॉट मशीनसारख्या स्क्रीनवर. डिसेंबर २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथली बंदी कायम ठेवली. २०१३ मध्ये फ्लोरिडात अशा दुकानांच्या एका साखळीवर धाडी पडल्या. तिच्यासाठी पूर्वी सल्लागार म्हणून काम केलेल्या लेफ्टनंट गव्हर्नर जेनिफर कॅरोल यांना राजीनामा द्यावा लागला आणि महिन्याभरात राज्याने ती दुकानं बंद करणारा कायदा केला. फोनकार्डाची जागा आता गोल्ड कॉइनने घेतली आहे.

आता राज्यांचं चित्र. २०२५ हे वर्ष या धंद्याला फार जड गेलं. मोंटाना आणि कनेटिकट या दोन्ही राज्यांची बंदी १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाली. कॅलिफोर्नियात गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरमध्ये सही केली आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथेही दार बंद झालं. तिथला कायदा तर फक्त कॅसिनो चालवणाऱ्यावर थांबत नाही, पैशांचे व्यवहार हाताळणारे, गेम पुरवणारे, जाहिरात करून कमिशन घेणारे यांनाही धरतो. न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी जूनमध्ये २६ साइट्सना नोटिसा धाडल्या आणि वर्षअखेरीस गव्हर्नर होकल यांच्या सहीने कायदाही झाला.

आमच्या न्यू जर्सीची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. २०२५ च्या सुरुवातीला इथे विधेयक आलं होतं ते या साइट्सना परवाना देऊन कर लावण्याचं. काही महिन्यांत वारं फिरलं आणि बंदीचा कायदा झाला. यामागे नैतिकतेपेक्षा हिशेब जास्त आहे, हे मी त्या धंद्यात राहून आलेली बाई म्हणून सांगते. न्यू जर्सीत २०१३ पासून परवान्याचे ऑनलाइन कॅसिनो आहेत. ते कर भरतात, त्यांची मशिनं तपासली जातात. शेजारी बिनपरवान्याचा कुणी तेच गिऱ्हाईक नेतो, हे राज्याला आणि परवानेवाल्यांना कशाला परवडेल? पण त्या हिशेबातून निघालेला कायदा तुमच्या घराच्या कामाचा आहे, म्हणून मला तो हवासाच वाटतो.

आणि आता ती राज्यं बघा जिथे वेगळा कायदा झालेला नाही, कारण तुमचा पूल तिथे नेतो. लुइझियानाच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये बंदीचं विधेयक मंजूर केलं आणि गव्हर्नर लँड्री यांनी ते नाकारलं. बातमीचा मथळा वाचून कुणालाही वाटेल, चला, तिथे मोकळीक आहे. प्रत्यक्षात गव्हर्नरांचं म्हणणं होतं की असलेल्या कायद्यांनीच हे रोखता येतं, आणि तिथल्या गेमिंग कंट्रोल बोर्डाने त्याच सुमारास चाळीसहून अधिक कंपन्यांना नोटिसा पाठवल्या. मिशिगनमध्येही २०२३ पासून नियामक मंडळाने जुन्या कायद्याच्या जोरावर एकेका कंपनीला राज्याबाहेर काढलं. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात "स्वीपस्टेक्स" हा शब्द नसला तरी राज्य त्याला जुगार म्हणू शकतं. पेनसिल्व्हेनियात परवान्याचे ऑनलाइन कॅसिनो २०१९ पासून चालू आहेत, त्यांना गेमिंग कंट्रोल बोर्डाचा परवाना असतो आणि परवानेधारकांची यादी जाहीर असते. मिस्टर मॉरिसव्हिलच्या पार्किंगमध्ये ज्यावर खेळतात ते त्या यादीत आहे का, हे दोघांनी मिळून शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. नाव सापडलं नाही, तर पूल ओलांडून ते कायद्याच्या आडोशाला गेलेले नाहीत, एवढं नक्की.

परवान्याने काय फरक पडतो? स्लॉटच्या गणितात खेळणारा हरतो, परवाना असो वा नसो. पण माझ्या टेबलासमोर एकदा एक नवरा-बायको येऊन बसले होते. तो साधारण पन्नाशीचा, हातात घडी घातलेली टोपी. स्वतःला कॅसिनोतून वर्ज्य करून घेण्याचा अर्ज त्याला भरायचा होता. फोटो काढला, सह्या झाल्या, मी त्याला नियम वाचून दाखवला की मुदत संपेपर्यंत राज्यातला कुठलाही परवानाधारक कॅसिनो तुम्हाला खेळू देणार नाही, जाहिरातीही पाठवणार नाही. बायको एक शब्द बोलली नाही, फक्त त्याची टोपी त्याच्या हातातून काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली. त्या एका कागदामागे राज्य उभं होतं. कॅसिनोने तो मोडला तर दंड कॅसिनोला. तुमचे मिस्टर उद्या असा अर्ज भरायला तयार झाले तर अवश्य भरू द्या. मात्र हे लक्षात ठेवा की ती यादी परवानेधारकांना बांधील असते, त्या अ‍ॅपला नाही. अ‍ॅपचं खातं वेगळं बंद करावं लागेल, लेखी ईमेल करून, आणि त्या ईमेलची प्रत जपून ठेवावी लागेल.

व्हीपीएनचा विचार अजून त्यांच्या डोक्यात आला नसेल तर येईल. खोटं लोकेशन दाखवून खेळलेलं आढळलं की खातं गोठवून शिल्लक जप्त करण्याचा हक्क या कंपन्या आपल्या अटींत लिहून ठेवतात. आणि ओळखपत्र नेमकं पैसे काढतानाच मागतात.

ग्रीन कार्डाबद्दल. तुम्ही घाबरला आहात हे अक्षराअक्षरात दिसतंय, म्हणून सरळ सांगते. हे नवे कायदे कॅसिनो चालवणाऱ्यांच्या मागे आहेत. फोनवर खेळणाऱ्या माणसाला पकडून नेण्यासाठी ते केलेले नाहीत, आणि न्यू जर्सीत नुसतं खेळणारा हा गुन्हेगार ठरत नाही. इमिग्रेशन कायद्यात जुगाराचा उल्लेख आहे तो असा : नागरिकत्वासाठी "चांगलं चारित्र्य" बघताना ज्याचं उत्पन्न मुख्यतः बेकायदा जुगारातून येतं, किंवा ज्याला त्या काळात जुगाराच्या दोन किंवा अधिक गुन्ह्यांत शिक्षा झाली आहे, तो अडतो. तुमचे मिस्टर दोन्हींत बसत नाहीत. पण ग्रीन कार्डाच्या आय-४८५ अर्जात बेकायदा जुगाराचा प्रश्न आहे, नागरिकत्वाच्या एन-४०० मध्येही आहे, आणि त्या प्रश्नाला सहीनिशी उत्तर द्यावं लागतं. तिथे खोटं लिहिणं हे खेळण्यापेक्षा कितीतरी महागात पडतं. म्हणून अर्जाची वेळ येण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा पैसे देऊन सगळं खरं सांगा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारू नका. आणि टॅक्स रिटर्न तपासा. एकूण चौदा हजार गेले असले तरी मध्ये कधी पाचशे-हजार जिंकून काढले असतील तर ते उत्पन्न आहे, कंपनीने १०९९ हा उत्पन्नाचा टॅक्स फॉर्म पाठवला असो वा नसो. दाखवायचं राहिलं असेल तर सीपीएकडून, म्हणजे टॅक्सच्या हिशेबनिसाकडून, दुरुस्ती करून घ्या.

पैसे परत मिळण्याची आशा थोडी आहे, आणि तिला मुदत आहे. न्यू जर्सीत एक जुना कायदा आहे, बेकायदा जुगारात हरलेले पैसे सहा महिन्यांच्या आत दावा करून मागता येतात. असे कायदे इंग्लंडच्या राणी अ‍ॅनच्या काळापासून चालत आले आहेत आणि अजून जिवंत आहेत. वॉशिंग्टन राज्यातल्या तशाच कायद्यावर २०१८ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने बिग फिश कॅसिनो या ऑनलाइन गेमच्या आभासी चिप्सनाही "मोलाची वस्तू" मानलं, आणि त्या खटल्यांत पुढे १५ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली. कनेटिकटने २०२५ मध्ये हाय फाइव्ह गेम्स या स्वीपस्टेक्स कॅसिनो कंपनीबरोबर १५ लाख डॉलरची तडजोड केली, त्यातले काही पैसे तिथल्या खेळाडूंकडे परत गेले. पण अडचणीही ऐका. न्यू जर्सीचा कायदा पूल ओलांडून खेळलेल्या डावांना लावता येईल का, हा वकिलाचा प्रश्न आहे, आणि ऑगस्टआधीच्या खेळाची सहा महिन्यांची मुदत सरत आली किंवा सरली आहे. शिवाय खातं उघडताना आपण ज्या अटींवर टिचकी मारतो, त्यांत कोर्टात न जाता लवादाकडे जाण्याचं कलम असतं. म्हणून या आठवड्यात ग्राहक हक्कांचं काम करणाऱ्या वकिलाशी एक बैठक घ्या. जाताना स्टेटमेंटं तारीखवार लावून न्या, तुम्ही रात्रभर बसून जुळवलेला तो कागदच तिथे सगळ्यात कामाचा आहे. चौदा हजारांपैकी किती येतील यावर घराचा कुठलाही बेत मात्र आखू नका.

सासऱ्यांना सांगा. यात मला शंका नाही. एफडी मोडण्यापूर्वी सांगा. पण एकटीने नाही. आधी मिस्टरांना सांगा की रविवारी सांगलीला फोन लावायचा आहे, तुम्ही बोला, मी शेजारी बसते. त्यांनी नकार दिला तर तुम्ही बोला, आणि "तुमचा मुलगा जुगारी झाला" हे शब्द टाळा. "डाउन पेमेंटचं आत्ता काही ठरलेलं नाही, एफडी मोडू नका, इथे कर्जाची अडचण आहे, ती आम्ही दोघं सोडवतोय" एवढं पुरे. निवृत्त माणसाची एफडी मोडली की व्याजही जातं आणि झोपही. ते पैसे त्या अ‍ॅपमध्ये गेले तर आयुष्यभर कुणीच कुणाच्या डोळ्याला डोळा देऊ शकणार नाही.

मिस्टरांशी बोलताना कायद्यावर वाद घालू नका. गेल्या दोन वर्षांत "कायदेशीर आहे" हे वाक्य त्यांनी ढालीसारखं पुढे धरलं आहे, आणि तुम्ही ती ढाल फोडलीत तर ते दुसरी शोधतील. मला त्यांच्या बाबतीत काळजी वाटते ती पार्किंगची. थंडीत, गाडीत एकटं बसून, कॉस्टकोचं खोटं सांगून खेळणाऱ्या माणसाला गंमत येत नसते. तो अडकलेला आहे, आणि बहुधा तुमच्याइतकाच घाबरलेला. १-८००-गॅम्बलर, म्हणजे १-८००-४२६-२५३७, ही मदतवाहिनी चोवीस तास चालते, फोन करायला पैसे पडत नाहीत, नाव सांगावं लागत नाही, आणि घरचं माणूसही फोन करू शकतं. पहिला फोन तुम्हीच करा. गॅम-अ‍ॅनन नावाचे घरच्यांसाठीचे गटही आहेत. तिथे बसलेल्या बायकांना तुमची स्टेटमेंटं जुळवण्याची ती रात्र समजावून सांगावी लागणार नाही.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. पत्रात लिहिलंत, "मी एच-फोरवर, घरीच असते." नवऱ्याची आय-१४० मंजूर असेल तर २०१५ पासून एच-फोरच्या जोडीदाराला कामाच्या परवान्यासाठी, ईएडीसाठी, अर्ज करता येतो. तीन वर्षं ती मंजुरी तुमच्या कपाटात पडून आहे. अर्ज आय-७६५ वर करायचा असतो, सोबत मंजुरीच्या नोटिशीची आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत लागते. तो अर्ज भरायला घ्या, आणि परवाना आला की पहिलं खातं फक्त तुमच्या नावाने उघडा. इमिग्रेशन वकिलाकडे जाल तेव्हा एकाच फीमध्ये हेही विचारून घ्या.